दोघांपैकी एकच

आमची टीम अर्धी पुण्यात बसते आणि अर्धी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहरात. रोज संध्याकाळी साडेसातला कॉल असतो. आपल्याकडे दिवस संपत आलेला, त्यांच्याकडे नुकतीच सकाळ. मार्च २०२४ मधल्या एका सोमवारी आमचा मॅनेजर कॉलवर आला तो लाल स्वेटशर्ट घालून आणि घसा बसलेल्या अवस्थेत. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली. त्याने सांगितलं, शनिवारी ओरडून बसलाय. त्याच्या कॉलेजने, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेटने (सगळे ‘एनसी स्टेट’ म्हणतात), कॉन्फरन्सची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली होती. १९८७ नंतर पहिल्यांदा.

मी नुसतंच अभिनंदन केलं. बास्केटबॉल मी हॉस्टेलच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळलोय तेवढंच. कॉलच्या शेवटी तो म्हणाला, वेळ मिळाला तर १९७४ चा सामना शोध. एनसी स्टेट विरुद्ध मेरीलँड. मी शोधला, आणि नंतरचे दोन महिने त्यातून बाहेर पडलो नाही. त्याचं कारण बास्केटबॉल नव्हतं. ते पुढे येईल.

आधी सामना. पण तो मला उलट्या क्रमाने, निकालापासून सुरू करून सांगायचा नाही. निकाल माहीत असला की सगळं अटळ वाटायला लागतं. म्हणून मी आदल्या रात्री जाऊन बसतो. वर्तमानपत्रात सामन्याच्या आदल्या दिवशी ‘कोण जिंकणार’ असा लेख येतो ना, तसा हा लेख. फक्त पन्नास वर्षं उशिरा.

शुक्रवार, ८ मार्च १९७४, ग्रीन्सबरो

ग्रीन्सबरो हे नॉर्थ कॅरोलायनातलं मध्यम आकाराचं शहर. इथल्या कोलिझियममध्ये उद्या, शनिवारी, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे एसीसीच्या स्पर्धेचा अंतिम सामना आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. अमेरिकेत कॉलेजांचे संघ गटागटाने खेळतात. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये झोन असतात, साधारण तसं समजा. एसीसीची स्थापना १९५३ ची, आणि १९७४ मध्ये तिच्यात सात कॉलेजं आहेत. वर्षभर ही सात एकमेकांशी प्रत्येकी दोनदा खेळतात. हंगाम संपला की मार्चमध्ये सगळ्या देशाची एक बाद पद्धतीची स्पर्धा होते. ती एनसीएए ही संस्था भरवते. तिथे जो जिंकेल तो राष्ट्रीय विजेता.

१९७४ मध्ये त्या राष्ट्रीय स्पर्धेत २५ संघांना जागा आहे. आणि नियम असा, की एका कॉन्फरन्समधून एकच संघ.

तो एक कोणता, हे ठरवायची प्रत्येकाची रीत वेगळी. बहुतेक कॉन्फरन्स वर्षभराच्या तक्त्यात पहिला येणारा संघ पाठवतात. एसीसी तसं करत नाही. हंगाम संपल्यावर तीन दिवसांची वेगळी बाद स्पर्धा होते आणि तिचा विजेता जातो. तीन महिन्यांची कमाई बाजूला, तीन दिवसांत काय होतं ते खरं. लोकांना ही स्पर्धा भयंकर आवडते, तिकिटं मिळत नाहीत, कॉन्फरन्सची तिजोरी भरते. प्रशिक्षकांना मात्र त्या तीन दिवसांत झोप लागत नाही.

कारण काय होऊ शकतं ते त्यांनी पाहिलंय. १९७० मध्ये साउथ कॅरोलायना कॉन्फरन्समधले चौदाच्या चौदा सामने जिंकून स्पर्धेत उतरली. त्यांचा मुख्य खेळाडू जॉन रोश याचा घोटा उपांत्य सामन्यात दुखावला, आणि अंतिम सामना दोनदा जादा वेळेत जाऊन ४२-३९ असा हातचा गेला. चौदा विजय पाण्यात. पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनाने एसीसी सोडली. म्हणून आज आठाऐवजी सात संघ आहेत.

त्या दिवशी त्यांना हरवणारा संघ होता एनसी स्टेट. प्रशिक्षक नॉर्म स्लोन. उद्या त्याच बाकावर तेच स्लोन बसणार आहेत. फक्त या वेळी कॉन्फरन्समध्ये एकही सामना न हरता आलेला संघ त्यांचा आहे. हातात गमावण्यासारखं सगळं त्यांच्याकडे आहे.

लाल जर्सीतले

एनसी स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर आहे. आतापर्यंत २५ विजय, १ पराभव. तो पराभव डिसेंबरमध्ये यूसीएलएकडून, १८ गुणांनी. यूसीएलए म्हणजे जॉन वुडन यांचा संघ. सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेता.

पण या संघाची खरी जखम त्या पराभवाची नाही, आदल्या वर्षीची आहे. १९७२-७३ मध्ये एनसी स्टेटने सगळेच्या सगळे २७ सामने जिंकले, आणि तरी राष्ट्रीय स्पर्धेत पाय ठेवता आला नाही. डेव्हिड थॉम्प्सनला कॉलेजात आणताना भरतीचे नियम मोडले म्हणून एनसीएएने बंदी घातली होती. वर्षभर अजिंक्य राहून ही मुलं मार्चमध्ये घरी बसली.

तो थॉम्प्सन याच राज्यातल्या शेल्बी गावचा. उंची ६ फूट ४ इंच, म्हणजे या खेळात फार नाही. पण जागच्या जागी त्याची उडी ४४ इंचांची असल्याचं सांगतात. गंमत म्हणजे या काळात कॉलेजच्या खेळात डंक करायला, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी आहे. १९६७ पासूनची. म्हणून एनसी स्टेटने वेगळी युक्ती काढली आहे: कोणीतरी चेंडू रिंगच्या वर नुसता तरंगत सोडायचा, थॉम्प्सनने हवेत जाऊन तो पकडायचा आणि खाली यायच्या आत हळूच आत सोडायचा. बंदीमुळे कोंबता येत नाही, म्हणून ठेवतो. पाहणाऱ्याला कोंबण्यापेक्षा ते जास्त अशक्य वाटतं.

हा चेंडू बऱ्याचदा सोडतो मॉन्टी टो. उंची ५ फूट ७ इंच. माझ्याएवढी. आणि मध्ये उभा असतो टॉम बर्लसन, ७ फूट २ इंच, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातल्या नूलंड गावचा. टो आणि बर्लसन शेजारी उभे असलेले फोटो बघितले की वाटतं, कोणीतरी दोन वेगळ्या फोटोंचं कातरकाम केलंय.

बर्लसनबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवा. या वर्षीच्या एसीसीच्या पहिल्या निवडक पाचांत त्याचं नाव नाही. सेंटरच्या जागी तिथे नाव आहे मेरीलँडच्या लेन एलमोरचं. उद्या बर्लसनच्या समोर उभा राहणार तो हाच.

समोरचे

मेरीलँडचं कॉलेज पार्क वॉशिंग्टनला लागून आहे. संघ देशात चौथा. २३ विजय, ४ पराभव. प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल, उंचापुरा, टक्कल पडलेला, दक्षिणी हेल काढून बोलणारा माणूस. १९६९ मध्ये आला तेव्हाच म्हणाला होता की मेरीलँडला पूर्वेकडचं यूसीएलए करीन. हसले होते लोक.

मग त्याने माणसं जमवली. टॉम मॅकमिलन, ६ फूट ११ इंच, शाळेत असतानाच स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेडच्या मुखपृष्ठावर झळकलेला, अभ्यासातही पहिल्या रांगेतला. न्यूयॉर्कचा एलमोर. आणि जॉन ल्यूकस, दुसऱ्या वर्षाचा गार्ड, चेंडू हातात आला की घाई नावाची गोष्ट विसरणारा. ल्यूकस मूळचा डरॅमचा. डरॅम आणि रॅली शेजारी-शेजारी. म्हणजे उद्या तो आपल्याच राज्यातल्या लोकांच्या आरड्याओरड्यात पाहुणा म्हणून खेळणार.

चार पराभवांकडे नीट बघा. एक यूसीएलएकडून, त्यांच्याच मैदानावर, ६५-६४. एका गुणाने. ज्या यूसीएलएने एनसी स्टेटला अठराने हरवलं, तिच्याशी मेरीलँड एका गुणापर्यंत गेली. एक पराभव नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून, आणि त्याचा हिशेब आज संध्याकाळी उपांत्य सामन्यात १०५-८५ असा चुकता झाला. उरलेले दोन? दोन्ही एनसी स्टेटकडून.

मग तुल्यबळ कसे?

इथे कोणी हटकेल. गेल्या दोन हंगामांत हे दोघे पाच वेळा भिडले आणि पाचही वेळा एनसी स्टेट जिंकलं. ५-० ला बरोबरी म्हणतात का?

माझा धंदा आकड्यांचा आहे, म्हणून थांबून बघतो. नाणं पाच वेळा उडवलं तर पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता ३२ मध्ये १. दुर्मिळ, पण रोज कुठेतरी घडणारी गोष्ट. आणि एनसी स्टेट थोडंसंच सरस, म्हणजे ५५-४५ असं धरलं, तर ते २० मध्ये १ वर येतं. एवढ्या कमी सामन्यांत नुसता जय-पराजय मोजून काही कळत नाही. अंतर मोजायला हवं.

जानेवारी १९७३: ८७-८५. मार्च १९७३, याच स्पर्धेचा अंतिम सामना: ७६-७४. या जानेवारीत रॅलीला: ८०-७४. नंतर मेरीलँडच्या घरी: ८६-८०. दोन, दोन, सहा, सहा. यातल्या पहिल्या सामन्यात शेवटच्या क्षणी थॉम्प्सनने हवेतच चेंडू आत ढकलला नसता तर ५-० हे ५-० राहिलंच नसतं. या चारही वेळी दार उघडंच होतं. मेरीलँड उंबऱ्याला ठेचकाळली, एवढंच.

आता उद्याचं पारडं. एनसी स्टेटच्या बाजूने: सात संघ असल्यामुळे पहिल्या क्रमांकाला पहिल्या दिवशी सुट्टी मिळते. त्यांचा उद्याचा दुसरा सामना, मेरीलँडचा तीन दिवसांतला तिसरा. पाय तेवढे ताजे. प्रेक्षकही त्यांच्या राज्याचे. आणि पुढचा रस्ताही घरातूनच जातो: राष्ट्रीय स्पर्धेची पूर्व विभागाची फेरी रॅलीला, एनसी स्टेटच्याच मैदानावर, आणि शेवटचे चार संघ इथेच, ग्रीन्सबरोला. उद्या जिंकले तर राष्ट्रीय विजेतेपदासाठी राज्याबाहेर जायची गरजच नाही.

मेरीलँडच्या बाजूने: संघ लयीत आहे. गुरुवारी ड्यूकला १९ गुणांनी झोपवलं, आज नॉर्थ कॅरोलायनाला २० ने. आणि सहाव्या वेळी तरी.

पण गेल्या मार्चच्या आणि उद्याच्या सामन्यात एक मोठा फरक आहे, आणि तो कोर्टवर दिसणार नाही. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात मेरीलँड हरली तरी राष्ट्रीय स्पर्धेत गेली, कारण जिंकणाऱ्या एनसी स्टेटवर बंदी होती. हरणाऱ्याला दार उघडं, जिंकणाऱ्याला बंद. उद्या तसं नाही. उद्या देशातला पहिला आणि चौथा संघ खेळतील आणि त्यातला एक संपेल. उपविजेत्याला पंचविसात जागा नाही. देशात पंधराव्या, विसाव्या क्रमांकाचे संघ, ज्यांच्या कॉन्फरन्समध्ये तगडा शेजारी नाही, ते आत जातील.

अंदाज? मी लिहितो: एनसी स्टेट, तीन गुणांनी, आणि पैज लावणार नाही.

माझं कारण

इथे मी सामना थांबवतो, कारण दोन महिने मी त्यात का अडकलो ते सांगायची जागा हीच आहे.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एक कंपनी आमच्या कॉलेजात आली. नाव महत्त्वाचं नाही. आमच्याकडे आलेल्या सगळ्यांत जास्त पगार देणारी, एवढं पुरे. त्यांनी आधीच सांगितलं होतं की या कॉलेजातून एकच मुलगा घेणार. ऑनलाइन परीक्षा, मग कोडिंगच्या दोन फेऱ्या, मग मुलाखत. शेवटी दोघं उरलो. मी आणि माझा रूममेट.

आम्ही चार वर्षं एकाच खोलीत राहिलो. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममधला पहिला बग त्याने शोधला होता. गणित त्याचं बरं, इंग्रजी बोलणं माझं बरं. बाकी आमच्यात कोणाला काही जास्त येत होतं असं मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. निकाल संध्याकाळी लागला. मी.

मी खोलीवर गेलोच नाही. मेसच्या मागच्या कठड्यावर बसून राहिलो, घरी फोनही केला नाही. तासाभराने तोच शोधत आला. हातात दोन वडापाव. म्हणाला, “अभिनंदन रे. आता रूमवर चल, सगळे थांबलेत.” बस, एवढंच. त्या रात्री त्यानेच सगळ्यांना चहा पाजला.

तेव्हापासून एक प्रश्न मला सुटलेला नाही. मी स्वतःला दोनच उत्तरं देत आलो होतो: मी जास्त लायक होतो, किंवा माझं नशीब. पहिलं खोटं वाटायचं आणि दुसरं पळपुटं. ‘एकच’ हा आकडा कोणी ठरवला, कशावरून ठरवला, हे विचारायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

शनिवार, ९ मार्च १९७४

मेरीलँड सुटली ती वाऱ्यासारखी. २५-१२. एनसी स्टेटला काही सुचेना. मध्यंतराला ५५-५० अशी मेरीलँड पुढेच. लक्षात घ्या, तेव्हा तीन गुणांचा फटका नव्हता, तो कॉलेजांच्या खेळात सगळीकडे आला १९८६ मध्ये. प्रत्येक बास्केटला दोनच गुण. तरी वीस मिनिटांत दोघांनी मिळून १०५ केले.

आणि बर्लसन. निवडक पाचांतून वगळलेला तो सात फुटी मुलगा एलमोरच्या डोक्यावरून टाकत राहिला, टाकत राहिला. ३८ गुण, १३ रिबाउंड. थॉम्प्सनचे २९. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असताना सामना उचलला बर्लसनने. ४० मिनिटं संपली तेव्हा ९७-९७. शेवटचा फटका ल्यूकसच्या हातात होता. नाही गेला.

जादा पाच मिनिटं. ४० मिनिटांत १९४ गुण करणाऱ्या या दोन संघांनी त्या पाच मिनिटांत मिळून केले नऊ. ठरावीक सेकंदांत फटका मारलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता. चेंडू धरून ठेवता यायचा, आणि आता चुकणं कोणालाच परवडणार नव्हतं. मेरीलँड १००-९९ पुढे. फिल स्पेन्सच्या बास्केटने एनसी स्टेट १०१-१००. मेरीलँडच्या हातून चेंडू निसटला. शेवटचे सेकंद उरले असताना त्या ५ फूट ७ इंचाच्या मॉन्टी टोने दोन फ्री थ्रो शांतपणे आत टाकले.

१०३-१००. तीन गुणांनी. (माझा अंदाज बरोबर आला म्हणून कौतुक करू नका. मी फसवलं, हे तुम्हाला माहीत आहे.)

सामन्यानंतर एनसी स्टेटची मुलं बसमध्ये जाऊन बसली. दार उघडलं आणि लेफ्टी ड्रिझेल आत चढला. ज्याचं वर्ष, ज्याचं पूर्वेकडचं यूसीएलए दहा मिनिटांपूर्वी संपलं होतं, तो माणूस. त्याने त्या मुलांचं अभिनंदन केलं, आता राष्ट्रीय विजेतेपद घेऊन या म्हणाला, आणि उतरून गेला.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅपटॉप बंद केला. मला वडापावचा वास आला.

मेरीलँडला एनआयटी नावाच्या दुसऱ्या स्पर्धेचं आमंत्रण होतं. मुलांनी जायचं नाही असं ठरवलं. एनसी स्टेटने त्यांच्या वाट्याचं काम केलं. पिट्सबर्गविरुद्ध थॉम्प्सन हवेतून डोक्यावर आपटला, सगळं स्टेडियम गप्प झालं, आणि तो त्याच दिवशी डोक्याला पट्टी बांधून परत आला. दोन आठवड्यांनी, त्याच ग्रीन्सबरोच्या कोर्टवर, दोनदा जादा वेळेत जाऊन एनसी स्टेटने यूसीएलएला ८०-७७ हरवलं. सात वर्षांची सत्ता संपली. दोन दिवसांनी मार्केटला हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले.

नियम

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, एनसीएएने राष्ट्रीय स्पर्धा २५ वरून ३२ संघांची केली. आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही येऊ दिलं.

तो एक सामना झाला आणि नियम बदलला, असं सांगायला छान वाटतं. तेवढं सरळ नाही. तक्रारी आधीपासून साठत होत्या. १९७१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ वर्षभरात दोनच सामने हरला. दोन्ही यूसीएलएकडून. यूसीएलए त्यांच्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणून २४ विजय घेऊन घरी. ओझं वाढत होतं, पण ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून ते ढकललं जात होतं. ९ मार्चच्या रात्री ते हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यानंतर कोणाला ‘दुसरा आला म्हणजे लायक नव्हता’ असं म्हणता येईना.

दार रुंद केल्यावर काय झालं बघा. दुसऱ्याच वर्षी, १९७६ मध्ये, राष्ट्रीय अंतिम सामन्यात इंडियाना आणि मिशिगन आले. दोघंही एकाच कॉन्फरन्सचे. जुन्या नियमात त्यातला एक स्पर्धेतच नसता. १९८५ पर्यंत ६४ संघ झाले होते. त्या वर्षी व्हिलानोवाने जॉर्जटाउनला ६६-६४ हरवून विजेतेपद घेतलं. तेही एकाच कॉन्फरन्सचे, आणि हंगामात दोन्ही वेळा जॉर्जटाउनच जिंकलं होतं. म्हणजे दोनदा हरलेला संघ तिसऱ्यांदा जिंकू शकतो. फक्त त्याला तिसऱ्यांदा खेळू द्यावं लागतं.

ग्रीन्सबरोला दार कोणासाठी उघडं हा प्रश्न नवा नव्हता. १९६० मध्ये याच गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. तेव्हा एसीसीत एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू नव्हता. पहिला खेळला १९६५ मध्ये, मेरीलँडकडून, बिली जोन्स. त्यानंतर नऊच वर्षांनी त्या गावात थॉम्प्सन, एलमोर आणि ल्यूकस खेळले. या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही. एक माणुसकीचा प्रश्न आणि एक खेळाचा. पण मला दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. आत कोण येणार हे ठरवणारी ओळ कोणीतरी माणसाने लिहिलेली असते. बाहेर उभं राहणाऱ्याला ती निसर्गनियम वाटते.

मी दिवसभर अशाच ओळी लिहितो. अमुक पेक्षा जास्त असेल तर पुढे, नाहीतर बाद. कुठेतरी एक आकडा टाकावा लागतो, टाकतो. दहा, पन्नास, एक. आता तो टाकताना हात जरा अडखळतो. बरं आहे अडखळतो ते.

नंतर

थॉम्प्सन १९७५ मध्ये आणि ल्यूकस १९७६ मध्ये व्यावसायिक एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेले. मॅकमिलन ऱ्होड्‌स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून आला. एलमोर हार्वर्डमधून वकील झाला. हरलेली मुलं पुढेही हरतच राहतात असं काही नसतं.

ड्रिझेलला एसीसीची स्पर्धा जिंकायला आणखी दहा वर्षं लागली. १९८०चा अंतिम सामना एका गुणाने गेला, १९८१चाही एका गुणाने. १९८४ मध्ये जिंकला. ग्रीन्सबरोलाच.

तो फेब्रुवारी २०२४ मध्ये वारला. बरोबर महिन्याभराने आमच्या मॅनेजरचा घसा बसला. ती गोष्ट अशी: २०२४ चं एनसी स्टेट १७ विजय आणि १४ पराभव घेऊन एसीसी स्पर्धेत उतरलं होतं, दहाव्या क्रमांकाने. राष्ट्रीय स्पर्धेत एरवी कोणी विचारलं नसतं. पण स्पर्धेच्या विजेत्याला थेट प्रवेश, हा जुन्या नियमाचा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत पोचले. १९७४ मध्ये ज्या दाराने मेरीलँडला बाहेर ठेवलं, त्याच दाराने पन्नास वर्षांनी दहाव्याला आत घेतलं. फरक एवढाच, की आता ते एकमेव दार नाही.

रूममेटचं काय झालं असं विचाराल. उत्तम चाललंय. तो आज बेंगळुरूला आहे, दोन मुलाखतींनंतर तिसऱ्या कंपनीत लागला, आणि कोड माझ्यापेक्षा चांगला लिहितो. या लेखाचा कच्चा मसुदा मी त्याला पाठवला. त्या संध्याकाळबद्दल आम्ही सात वर्षांत पहिल्यांदा बोललो, तेही असं, लेख मध्ये घालून.

त्याचा मेसेज आला, “वडापाव दोन नव्हते, तीन होते. तू दोन खाल्लेस.”